तेवीस शुभेच्छुक आणि फिलिपिन्सचे व्याही

श्यामसुंदर खानविलकरांच्या डोक्यातला फ्लेक्स सहा बाय चारचा होता. वर 'हार्दिक स्वागत', मध्ये व्याही आणि विहीणबाईंचा जोडीने काढलेला फोटो, आणि खाली इंग्रजीत एकच ओळ: फिलिपिन्सहून आलेल्या आमच्या फिलिपिनो कुटुंबाचं मुलुंडमध्ये स्वागत. फ्लेक्स सोसायटीच्या गेटच्या आतल्या बाजूला शनिवारी सकाळी लावायचा आणि रविवारी साखरपुडा झाला की काढायचा. या कामाला त्यांनी मनाशी अर्धा तास धरला होता, त्यातही दहा मिनिटं रिक्षाची.

प्रत्यक्षात दहा दिवस लागले. शेवटी जो फ्लेक्स उभा राहिला त्यावर तेवीस चेहरे होते आणि त्यातला एकही फिलिपिनो नव्हता.

मुळात फ्लेक्सची गरज का पडली, तर खानविलकरांनी पहिल्याच व्हिडिओ कॉलवर माती खाल्ली म्हणून. त्यांची मुलगी अबोली सिंगापूरला नोकरी करते. तिथेच तिने जोनेल कातिंदिग नावाचा, तिच्याच ऑफिसातला, फिलिपिन्सचा मुलगा पसंत केला. घरात यावर जेवढा गोंधळ व्हायचा तेवढा होऊन गेला होता आणि दोन्हीकडच्या आईवडिलांची ओळख करून द्यायचं ठरलं. खानविलकर एका जहाज एजंटच्या कचेरीत तेहतीस वर्षं कागदपत्रं बघून निवृत्त झालेले. मालाच्या 'मूळ देश' या रकान्यात त्यांनी जगातले सगळे देश आपल्या हाताने लिहिलेले. त्यामुळे कॉल लागल्याबरोबर ते म्हणाले, "आय नो फिलिपिन्स व्हेरी वेल." इथवर ठीक होतं. पण पुढच्या दहा मिनिटांत त्यांनी समोरच्या मंडळींना तीन वेळा 'फिलिपिनियन' आणि एकदा 'फिलिपाइनीज' म्हटलं. जोनेलची आई नेनिताबाई, इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरकडे बघून हसावं तशा हसत राहिल्या.

कॉल संपल्यावर अबोलीने परत फोन केला.

"बाबा, ते फिलिपिनो आहेत. फिलिपिनो! तुला कोणी तोंडावर चार वेळा 'इंडियाईज' म्हटलं तर?"

"अगं, देश जसा लिहायचा तशीच माणसं लिहायची ना? आमच्याकडे खोबरेल यायचं तिथून, पिंपंच्या पिंपं. माणसं कधी आली नाहीत. मला कसं कळणार?"

"आता येतायत. आणि बाबा, तुझ्याकडे मी काही मागत नाहीये. हॉल मी बघते, जेवण मी बघते. फक्त ते आले की त्यांना वाटू दे की आपली वाट बघत होतं कोणीतरी. तेवढं एक नीट कर. प्लीज."

मुलीने लग्नाच्या बाबतीत बापाकडे मागितलेली ही पहिली आणि बहुधा शेवटचीच गोष्ट होती. तीही साधी. खानविलकरांनी त्याच क्षणी ठरवलं की हे काम असं करायचं की मुलुंड पूर्वेत उदाहरण म्हणून सांगितलं जाईल. तसं ते आता सांगितलं जातंच.

स्टेशनजवळचा फ्लेक्सवाला मिथुन हा आपल्या कामात पक्का माणूस. वाढदिवस, दशक्रिया, दहावीचा निकाल, सगळं तो त्याच गांभीर्याने छापतो. त्याने ओळ टाइप केली आणि थांबला.

"काका, देश पी-एचने लिहिलाय आणि माणसं एफने. एक कायतरी ठरवा."

"दोन्ही बरोबर आहे. माझ्या मुलीने सांगितलंय."

"बरोबर असेल हो. पण बघणाऱ्याला काय दिसणार? एकाच ओळीत दोन स्पेलिंग. खाली माझा मोबाइल नंबर असतो. लोक बोलणार, मिथुनला इंग्लिश येत नाय. आधीच गेल्या वर्षी एका साहेबाच्या 'अभीष्टचिंतना'त माझी वाट लागलीय. तुम्ही सोसायटीची सही आणा प्रूफवर, मग मी काय पण छापतो."

खानविलकर प्रूफ घेऊन घरी आले. पत्नी क्षमाताईंनी चष्मा लावून कागद बघितला आणि म्हणाल्या, "मराठीतच लिहा ना. मराठीत दोन्हीकडे 'फ'च आहे."

"त्यांना मराठी वाचता येतं का?"

"मग नुसता फोटो लावा. फोटो वाचता येतो."

एवढा शहाणा सल्ला त्या दहा दिवसांत पुन्हा कोणी दिला नाही. पण बायकोचा पहिला सल्ला ऐकायचा नसतो अशी खानविलकरांच्या घराण्याची रीत असल्यामुळे ते प्रूफ घेऊन तिसऱ्या मजल्यावरच्या नंदकिशोर टिपणीसांकडे गेले. टिपणीस बँकेतून निवृत्त झालेले. सही जुळली नाही म्हणून चेक परत पाठवण्यात त्यांचं तारुण्य गेलं होतं.

"अरे श्याम, हे चालणारच नाही. इकडे एक, तिकडे एक! नाव जुळलं नाही तर मी माणसाला स्वतःचे पैसे काढू दिले नाहीत रे."

"पण जगात असंच आहे. हॉलंडचे डच. स्वित्झर्लंडचे स्विस. डेन्मार्कचे डॅनिश."

"म्हणूनच जगाची ही अवस्था आहे," टिपणीस म्हणाले. "आणि मला सांग, चुकलं तर नाचक्की कोणाची? तुझी नाही, सोसायटीची. तू सेक्रेटरीला विचार."

इथे एक सांगायला हवं. ज्या सोसायटीत सात वर्षांपूर्वी पुनर्विकासाची बोलणी फिसकटली आहेत, तिथे कोणालाही कसलाही कागद दाखवू नये. बिल्डरने तेव्हा कुठेतरी बारीक अक्षरात काहीतरी घातलं होतं म्हणतात. काय घातलं होतं ते आजवर कोणाला सांगता आलेलं नाही, पण तेव्हापासून इथली माणसं दूधवाल्याची सुट्टीची चिठ्ठीसुद्धा वकिलाला दाखवून घेतात. अशा सोसायटीत खानविलकर एका वाक्याचं प्रूफ घेऊन सेक्रेटरीकडे सहीला गेले.

सेक्रेटरी अंबादास इंगळे हे मूळचे अकोल्याचे आणि दिंडोशीच्या कोर्टातून निवृत्त झालेले. तिथे त्यांनी कायदा बाहेरून इतकी वर्षं बघितला होता की तो त्यांच्या आत गेला होता. त्यांनी प्रूफ दोन बोटांत धरलं.

"खानविलकर, गेट म्हणजे दर्शनी भाग. दर्शनी भागावर मजकूर लावायचा तर हरकती मागवाव्या लागतात."

"अहो इंगळेसाहेब, साखरपुडा आहे. पाहुण्यांचं स्वागत आहे फक्त. त्याला कोण हरकत घेणार?"

"कोणी घेणार नाही. म्हणूनच मागवायच्या. मग कोणी म्हणायला नको की मागवल्या नाहीत."

सूचना फलकावर प्रूफ लागलं. मुदत तीन दिवस. हरकती आल्या अकरा. त्यातल्या चार गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीबद्दल होत्या आणि एक, कुठेही काहीही सूचना लागली की जी येतेच ती, पहिल्या मजल्यावरच्या मांजरांबद्दल होती. उरलेल्या मजकुराबद्दल. माणिक कुरतडकर यांनी लिहिलं होतं, 'दोन स्पेलिंगांवरून दोन वेगळ्या देशांचे पाहुणे येत असल्याचा समज होतो. तरी दोन्ही देशांच्या गाड्या कुठे लावणार याचा खुलासा व्हावा.' कोणा शिवदास यांनी नुसतंच 'माझा विरोध नोंदवून घ्यावा' असं लिहून खाली ठळक सही केली होती. शिवदास नावाचे कोणी सोसायटीत राहत नाही. ते कुरियर घेऊन आले होते आणि लिफ्टची वाट बघत होते.

आलेल्या हरकतींवर सुनावणी करावी लागते, म्हणून बुधवारी संध्याकाळी कमिटी बसली. खानविलकरांना टेबलाच्या समोरच्या बाजूला, एकट्या खुर्चीवर बसवण्यात आलं. तेहतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्यावर एकदाही चौकशी बसली नव्हती. ती आता फिलिपिन्सच्या नावाने बसली.

टिपणीसांनी मुद्दा मांडला, की एकतर देश एफने करावा नाहीतर माणसं पी-एचने करावीत. खानविलकर म्हणाले की एखाद्या देशाचं नाव मुलुंडमधून बदलता येणार नाही. टिपणीस म्हणाले, आपण बदलत नाही, आपण फक्त जुळवून घेतोय. शेवटी अबोलीला फोन लावून तो स्पीकरवर ठेवण्यात आला. पलीकडून अबोलीने फोन जोनेलकडे दिला आणि त्याच्या इंग्रजीचं ती मराठी करत राहिली.

"काका, स्पेनचा एक राजा होता, फेलिपे. त्याच्या नावावरून स्पॅनिश लोकांनी या बेटांना फिलिपिनास म्हटलं, एफने. त्यावरून माणसं फिलिपिनो, तीही एफने. इंग्रजीवाले त्याच राजाला फिलिप म्हणतात, पी-एचने. म्हणून त्यांनी देशाचं नाव पी-एचने लिहिलं. माणसांचं नाव मात्र स्पॅनिशमधलंच राहिलं. देश एका रस्त्याने आला आणि माणसं दुसऱ्या रस्त्याने, एवढंच आहे."

खोलीत समाधानाची कुजबुज झाली. मग जोनेलने आपल्या प्रामाणिक स्वभावानुसार पुढे सांगितलं, आणि अबोलीने तेही भाषांतर केलं, की घरी बोलताना ते देशाला पिलिपिनास म्हणतात, नुसत्या पीने.

"म्हणजे आता तिसरं!" टिपणीस उभेच राहिले. "बघा, मी म्हटलं नव्हतं?"

अबोली पलीकडून म्हणाली, "बाबा, हे सगळं कशासाठी चाललंय? स्वागत आहे ना फक्त?"

"हो गं, होतंच आलंय," म्हणून खानविलकरांनी घाईघाईने फोन बंद केला.

इंगळेसाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते बोलायला लागले तेव्हा कोर्टात पंखा बंद केल्यासारखी शांतता झाली.

"आपल्या देशाचं बघा. संविधानाच्या पहिल्याच कलमात दोन नावं आहेत, इंडिया आणि भारत. पहिल्याच कलमात! बाबासाहेबांना काय एक नाव ठेवता येत नव्हतं? दोन्ही चालतात म्हणून दोन्ही आहेत. आता माझंच घ्या. मी अकोल्याचा. पण कोणी मला अकोलेकर म्हणत नाही. पुस्तकात मी वैदर्भीय असतो, गावाकडे वऱ्हाडी असतो, आणि या बिल्डिंगमध्ये मागून मला काय म्हणतात ते मला माहीत आहे. घाटी. विदर्भात कुठला घाट तुम्ही चढला होता टिपणीस?"

टिपणीस जमिनीकडे बघायला लागले.

"माणूस स्वतःला काय म्हणतो आणि बाकीचे त्याला काय म्हणतात, हे जुळत नसतं. जुळवायला गेलं की भांडणं होतात. त्यांच्या घरचा मुलगा सांगतोय ना, देश असा लिहायचा, माणसं अशी? विषय संपला. दोन्ही स्पेलिंगांसह मजकूर मंजूर."

टाळ्या वाजल्या. खानविलकरांचे डोळे पाणावले. त्यांनी आयुष्यातली मोठी चूक करायला हाच क्षण निवडला. ते उठून म्हणाले, "इंगळेसाहेब, तुमच्यामुळे झालं हे. फ्लेक्सवर शुभेच्छुक म्हणून तुमचा फोटो असलाच पाहिजे."

इंगळे म्हणाले, तत्त्वतः त्यांना फोटो पसंत नाही, पण पदाचा मान म्हणून ते आडवे येणार नाहीत. सेक्रेटरी आहेत म्हटल्यावर चेअरमन राजाराम आपटे आले. चेअरमन आले म्हणून खजिनदार आले. टिपणीस म्हणाले, हरकत मी घेतली नसती तर मंजुरी आली असती का? ते आले. महिला मंडळाच्या चंपाताई म्हणाल्या, पाहुण्या बाईंची ओटी आम्ही भरणार आणि वर सगळे बाप्येच? त्यांना धरून मंडळातल्या सहा जणी आल्या. सकाळच्या हास्य क्लबचे आठ जण आले. त्यांनी सगळ्यांनी हसतानाचेच फोटो दिले. माणिक कुरतडकर पार्किंगचा खुलासा मिळाल्याच्या आनंदात जोडीने आले.

मिथुनचा तासातासाला फोन यायचा. "काका, सहा बाय चारात नाय बसत. दहा बाय आठ करू का?"

"कर."

"काका, आता दहा बाय आठ पण भरला. कोणाला तरी काढा."

खानविलकरांनी पहिल्यांदा कोपऱ्यात घातलेला स्वतःचा आणि क्षमाताईंचा फोटो काढून टाकला.

"माझा फोटो काढलात?" क्षमाताईंनी हातातला झारा खाली ठेवला. "मुलगी माझी आहे हो."

"अगं, आपण यजमान. आपणच आपल्याला शुभेच्छा देणार का?"

"आणि त्या कुरतडकरांचे दोन-दोन?"

शुक्रवारी अजून तिघे वाढले आणि तीन जागा कमी पडल्या. आता फ्लेक्सवर काढण्यासारखा एकच फोटो उरला होता, आणि तो मधोमध होता. खानविलकरांचा हात धजेना. त्यांनी इंगळ्यांना विचारलं.

इंगळेसाहेबांनी विचार करून सांगितलं, "पाहुणे स्वतः प्रत्यक्ष येणारच आहेत. त्यांचा फोटो कशाला? फोटो गैरहजर माणसाचा लावतात."

"पण बाकीचे तेवीसही तिथेच उभे असणार आहेत ना?"

"असणार. पण पाहुण्यांना ते कोण हे कळायला नको?"

शनिवारी दुपारी बारा वाजता टॅक्सी गेटात शिरली. फ्लेक्स दिमाखात उभा होता. वर मोठ्या अक्षरात 'हार्दिक स्वागत', मग तेवीस चेहरे, पदांप्रमाणे लहान-मोठे, आणि अगदी तळाला, औषधाच्या बाटलीवर असते तेवढ्या अक्षरात, ती इंग्रजी ओळ. देश पी-एचने, माणसं एफने. एक अक्षरही चुकलेलं नव्हतं. फ्लेक्सखाली तेवीसही शुभेच्छुक आपापल्या फोटोच्या क्रमाने उभे होते, कारण इंगळ्यांनी तशी रंगीत तालीम घेतली होती. खानविलकर आणि क्षमाताईंना पलीकडे इस्त्रीवाल्याच्या टेबलाजवळ जागा मिळाली होती.

आधी अबोली उतरली. तिने वर पाहिलं. "बाबा," ती हळू म्हणाली, "यात ते कुठे आहेत?"

खानविलकरांनी तळाच्या बारीक ओळीकडे बोट दाखवलं. एक गोष्ट मागितली होती पोरीने. एक.

जोनेलचे वडील रोगेलियो उतरले. ठेंगणे, पांढरा शर्ट, वयाने खानविलकरांएवढेच. ते सरळ फ्लेक्सपुढे जाऊन उभे राहिले आणि बोट दाखवत एकेक चेहरा मोजायला लागले. हास्य क्लबपाशी जरा थांबले. पुन्हा पहिल्यापासून मोजलं. नेनिताबाई मागे पर्स घट्ट धरून उभ्या होत्या. शेवटी रोगेलियो वळले आणि त्यांनी इंग्रजीत विचारलं, "यातला मुलीचा बाप कोणता?"

तेवीसच्या तेवीस जण एकमेकांकडे बघायला लागले. कुरतडकरांनी अर्धा हात वर केला आणि बायकोने तो खाली ओढला.

"मी," इस्त्रीच्या टेबलाजवळून खानविलकर म्हणाले. "मी त्यात नाही."

रोगेलियो चुकचुकले. जोनेलने अबोलीच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि तिचा चेहरा बदलला. रोगेलियो त्यांच्या गावच्या वस्ती-पंचायतीचे तीन वेळा निवडून आलेले सदस्य होते, आणि हे त्यांनी सांगितलं ते एका जाणकाराने दुसऱ्या जाणकाराला सांगावं तसं. त्यांनी खिशातून मोबाइल काढला. फोटोत त्यांच्या गावाची कमान होती आणि कमानीवर एक भलामोठा फ्लेक्स. एकतीस चेहरे. महापौर, उपमहापौर, आठ सदस्य, चर्चचे फादर, बास्केटबॉलचा अख्खा संघ. आणि मधोमध, महापौरांपेक्षाही मोठे, जोनेल आणि अबोली. त्यांच्या एका बाजूला रोगेलियो आणि नेनिता, आणि दुसऱ्या बाजूला खानविलकर आणि क्षमाताई. फोटो त्या व्हिडिओ कॉलवरून घेतलेला होता. त्यात खानविलकरांचं तोंड 'फिलिपिनियन' म्हणताना उघडलेलं होतं.

क्षमाताईंनी मोबाइल हातात घेतला तो सोडेचनात. "अगंबाई, केवढी मोठी काढलीय मला!"

खाली तांबड्या अक्षरात त्यांच्या भाषेत एक ओळ होती. खानविलकरांनी तीत ओळखीचं काही सापडतंय का बघितलं. एक शब्द सापडला: बुंबाय.

जोनेल लाल झाला. "ते... गावात जुनी माणसं इंडियातल्या सगळ्यांनाच बुंबाय म्हणतात. कुठलाही असला तरी. कधीतरी तिथे बॉम्बेहून लोक आले असतील. आता शहरात असं म्हणणं बरं मानत नाहीत. मी बाबांना सांगितलं होतं, 'इंडियन' लिहा."

"आठ दिवस भांडलो आम्ही," नेनिताबाई पहिल्यांदाच बोलल्या. "कोणी म्हणे इंडियन, कोणी म्हणे हिंदू, फादर म्हणाले इंडियो, पण ते तर स्पॅनिश लोक आम्हालाच म्हणायचे. शेवटी मीटिंग घेतली. चुकलंय का? तुम्ही रागावलात का?"

मागून इंगळेसाहेब घसा साफ करत पुढे आले. शहराचं नाव अधिकृतपणे बदलून किती वर्षं झाली हे त्यांना तारखेनिशी पाठ होतं. त्यांनी तोंड उघडलं. खानविलकरांनी, इंगळे सेक्रेटरी झाल्यापासूनच्या अकरा वर्षांत पहिल्यांदाच, सेक्रेटरीच्या दंडाला धरून त्यांना आपल्या मागे उभं केलं.

"नाही," ते नेनिताबाईंना म्हणाले. "चुकलेलं नाही. एकदम बरोबर आहे."

मग दुपारची जेवणं झाली, ओटी भरली गेली, टिपणीसांनी रोगेलियोंना बँकेतले तीन किस्से ऐकवले. संध्याकाळी सगळे जरा पांगल्यावर खानविलकर बाल्कनीत विहीणबाईंसमोर खुर्ची ओढून बसले. लग्नाला गावात जायचं आहे, पोरं कमानीखालीच 'बुंबाय' म्हणून हाका मारतील, तर निदान स्वतःचं नाव नीट घेता यायला हवं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या म्हणून दाखवत होत्या आणि ते त्यांच्यामागून म्हणत होते. त्यांचा 'बुं' फार लांबत होता आणि जोर भलतीकडेच पडत होता. नेनिताबाईंनी मान हलवली आणि हाताने टेबलावर ठेका धरून पुन्हा म्हणायला लावलं.

अबोली चहा घेऊन आली ती ट्रे धरून दारातच उभी राहिली. चहा निवत चालला होता.

"पुन्हा," नेनिताबाई म्हणाल्या.

खानविलकर खुर्चीत सरळ झाले आणि त्यांनी पुन्हा सुरुवात केली.